पाचशे झाडं म्हणतात, तुमचा फ्लॅट ९२ लाखांचा

मागच्या अंकात घरांच्या किमती सांगणाऱ्या वेबसाइट्सवर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला. बहुतेकांचा रोख एकच, की हे मशीन किंमत काढतं कसं आणि त्याचं ऐकायचं का. निवडक पत्रं घेतलीत, लांबलचक होती ती कापलीत, नावं गाळलीत.

प्रश्न : ताई, सिंहगड रोडला माझा टू बीएचके आहे, २०१२ ची बिल्डिंग. विकायचाय म्हणून एका साइटवर माहिती भरली तर तिने ९२ लाख दाखवले, खाली लिहिलेलं 'अनेक एआय मॉडेल्सच्या एकत्रित अंदाजावर आधारित'. पार्टी पण मिळाली, पण तिच्या बँकेच्या व्हॅल्युअरने ८१ लाख लिहिले आणि रेडी रेकनरने काढलं तर ७० च्या आत येतंय. अनेक मॉडेल्स मिळून सांगतायत म्हणजे तेच जास्त बरोबर असायला नको का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी हे तीन आकडे वेगळे करू, कारण ती एकाच प्रश्नाची तीन उत्तरं नाहीतच. रेडी रेकनर हा सरकारचा बाजारमूल्य दर, तो स्टॅम्प ड्युटीसाठी, करारातली रक्कम आणि रेकनरची रक्कम यातली जी जास्त तिच्यावर ड्युटी, एवढंच त्याचं काम. बँकेचा व्हॅल्युअर बघतो की उद्या कर्ज थकलं आणि फ्लॅट विकायची वेळ आली तर हातात काय पडेल, त्यामुळे त्याचा हात आखडता असतो आणि तो तसाच असलेला बरा. तुमच्या पार्टीला मात्र तोच आकडा नडणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या होम लोनला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे ९२ वर ७३.६ लाख आणि ८१ वर ६४.८. मधले जवळपास नऊ लाख त्यांना खिशातून काढावे लागणार, आणि ती घासाघीस शेवटी तुमच्याच गळ्यात येणार.

आता 'अनेक मॉडेल्स'. याला एन्सेम्बल म्हणतात. मुळाशी असतं डिसिजन ट्री, म्हणजे प्रश्नांची उतरंड. कार्पेट ६५० फुटांच्या वर आहे का, असेल तर बिल्डिंग दहा वर्षांच्या आतली का, नसेल तर लिफ्ट आहे का, असं करत करत एका फांदीच्या टोकाला पोचायचं, तिथे जे जुने व्यवहार पडलेले असतील त्यांची सरासरी म्हणजे त्या झाडाचा अंदाज. एकटं झाड फार हलक्या कानाचं असतं, चार व्यवहार इकडचे तिकडे झाले की आकडा बदलतो. म्हणून लिओ ब्रायमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ मध्ये रँडम फॉरेस्ट मांडलं. शेकडो झाडं लावायची, प्रत्येकाला चिठ्ठ्या टाकून काढलेला व्यवहारांचा वेगळा गठ्ठा द्यायचा (एका गठ्ठ्यात साधारण ६३ टक्केच व्यवहार येतात, जे बाहेर राहतात ते त्या झाडाची परीक्षा घ्यायला कामाला येतात), वर प्रत्येक फाट्यावर सगळी माहिती न दाखवता थोडीच दाखवायची, म्हणजे झाडं एकमेकांची कॉपी होत नाहीत, आणि मग सगळ्यांची सरासरी. दुसरी जात बूस्टिंगची, एक्सजीबूस्ट, लाइटजीबीएम ही नावं ऐकली असतील, त्यात झाडं एकामागून एक लागतात आणि प्रत्येक नवीन झाड आधीच्यांचं जे चुकलं तेवढंच भरून काढायला शिकतं. आणि या दोन्हींचे, शिवाय साध्या रिग्रेशनचे (माहितीवरून किमतीचं सरळ सूत्र बसवणं) अंदाज घेऊन त्यांच्यावर आणखी एक मॉडेल बसवलं की त्याला म्हणायचं स्टॅकिंग.

सरासरीला जोर कधी येतो? सगळे वेगवेगळ्या बाजूला चुकत असतील तेव्हा. कोकणात मोहोर बघून बागेचा सौदा करायला तीन व्यापारी आले आणि तिघांनी वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला अंदाज बांधला तर त्या तीन आकड्यांच्या मध्याला काही अर्थ आहे, पण तिघं एकाच जीपमधून बोलत बोलत आले असतील तर ते एकच मत, फक्त तोंडं तीन. तुमच्या साइटची मॉडेल्स बहुतेक अशीच एका जीपमधून आलेली आहेत. सगळ्यांना एकच डेटा दिलेला असतो, आणि तो चुकत असेल तर सगळी झाडं एकाच बाजूला वाकतात.

आणि आपल्याकडे डेटा कसा असतो ते बघा ना. साइटला फुकटात भरपूर मिळतात ते जाहिरातीतले भाव, म्हणजे मालकाला जे हवेत ते, मिळाले ते नाहीत. झालेल्या व्यवहाराची रक्कम इंडेक्स टू मध्ये, म्हणजे सरकारी नोंदणीच्या उताऱ्यात असते, पण त्यावर रेकनरची सावली, कारण करार रेकनरच्या खाली केला तरी ड्युटी रेकनरवरच, वर इन्कम टॅक्सवाले विचारणार ते वेगळंच. त्यात जिथे व्यवहाराचा एक भाग कागदावर येतच नाही तिथे नोंदलेला आकडा रेकनरला चिकटून बसतो आणि मॉडेल इमानदारीत रेकनरच शिकतं, बाजार नाही. क्षेत्रफळाचा तर वेगळाच तमाशा, रेरा यायच्या आधी एकाने सुपर बिल्ट-अप लिहिलं, दुसऱ्याने बिल्ट-अप, तिसऱ्याने कार्पेट, आणि मिळकतीचं वर्णन मराठीत सलग मजकुरात, एकाच सोसायटीचं नाव चार जणांनी चार तऱ्हेने टाइप केलेलं. हे सगळं एकाच रकान्यात घातलं तर पाचशे काय, पाच हजार झाडं लावा.

तुम्ही असं करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथून तुमच्याच सोसायटीतले आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमधले गेल्या दीड-दोन वर्षांतले इंडेक्स टू काढा, सगळे कार्पेटवर आणा, फुटाचा भाव काढा, पार्किंग कोणाला होतं ते वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत कोणालाही विचारा. सहा-सात व्यवहार मिळाले तरी ते तुमच्यासाठी साइटच्या आकड्यापेक्षा भारी. ९२ वर अडून बसू नका हे माझं स्पष्ट मत, पण ८१ ला लगेच मान पण डोलवू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. २०२५ मध्ये काउंटीच्या असेसरची (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणारा अधिकारी) नोटीस आली, घराची किंमत एकदम वाढवलीये. चौकशी केली तर कळलं की किंमत काढायला घरात कोणी येतच नाही, मशीन लर्निंग मॉडेल काढतं. आमचं किचन वीस वर्षं जुनं, शेजाऱ्यांनी सगळं नवीन करून घेतलं, तरी दोघांची किंमत जवळपास सारखीच. मॉडेलशी भांडायचं कसं?
— एक वाचक, शॉमबर्ग, इलिनॉय

उत्तर : खरं सांगू का, भांडायला इतकं सोयीस्कर मॉडेल दुसरीकडे मिळणं कठीण. तुमच्या कुक काउंटीच्या असेसर ऑफिसने घरांच्या मॉडेलचा कोड नेटवर उघडा ठेवलाय, लाइटजीबीएमवर चालतं, कोणते रकाने वापरलेत, कोणते व्यवहार गाळलेत, सगळं वाचता येतं. हे काही आपखुशीने सुचलेलं शहाणपण नाही. २०१७ मध्ये शिकागो ट्रिब्यून आणि प्रोपब्लिका इलिनॉय यांनी लेखमालाच छापली होती की काउंटीत स्वस्त घरांची किंमत जास्त धरली जाते आणि महागड्या घरांची कमी, म्हणजे गरिबाने श्रीमंताचा टॅक्स भरायचा. पुढच्याच वर्षी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, तेव्हाचे असेसर जोसेफ बेरिओस हरले, फ्रिट्झ केगी आले, आणि मग हा उघडा कारभार सुरू झाला.

आता यातली गोम अशी की स्वस्त वर आणि महाग खाली ही खोड निव्वळ माणसांची नाही, ती सरासरीच्या अंगातच आहे. मॉडेलला जे दिसत नाही तिथे ते मध्याकडे सरकतं. किचन जुनं की नवं हे त्याला माहीतच नाही, त्यामुळे तुमचं घर आणि शेजाऱ्यांचं घर त्याच्या दृष्टीने जुळी भावंडं, तुमचं थोडं वर ओढलं जाणार आणि त्यांचं थोडं खाली. एन्सेम्बलमध्ये शेकडो झाडांची बेरीज होते म्हणून आकडा स्थिर येतो पण न दिसणाऱ्या गोष्टी त्याने दिसायला लागत नाहीत. हे मोजायला असेसर लोक पीआरडी नावाचा आकडा वापरतात. समजा २ लाख डॉलरला विकलेल्या घराला मॉडेलने २.२ लाख म्हटलं आणि १० लाखांच्या घराला ८ लाख. गुणोत्तरं १.१ आणि ०.८, त्यांची साधी सरासरी ०.९५. पण एकूण अंदाज भागिले एकूण विक्री केलं तर १०.२ भागिले १२, म्हणजे ०.८५. आता ०.९५ ला ०.८५ ने भागा, १.१२ च्या आसपास येतं. मान्य पट्टा ०.९८ ते १.०३ चा, त्याच्या वर गेलात म्हणजे ओझं खालच्यांवर. मॉडेल बरं की वाईट हे विचारायचं असेल तर मी सरासरी चुकीच्या आधी हा आकडा विचारीन.

तुमचं काम मात्र सोपं आहे. पहिलं म्हणजे असेसरच्या साइटवर तुमच्या घराची नोंद उघडून बघा, क्षेत्रफळ, बाथरूम किती, बेसमेंट फिनिश्ड आहे की नाही. इथे चूक निघाली तर अर्धी लढाई जिंकलात, कारण मॉडेल बिचारं रकान्यात जे आहे तेच खातं. दुसरं, तुमचं टाउनहाऊस असेल तर डीडवर (खरेदीखतावर) ते काँडो, म्हणजे आपल्या फ्लॅटसारखी मालकी, आहे का ते बघून घ्या, कारण काँडोचं मॉडेलच वेगळं आहे, तिथे ऑफिसकडे बहुतेक युनिट्सच्या आतली माहितीच नसते म्हणून बिल्डिंगमधल्या विक्रीवर आणि तुमच्या मालकीच्या टक्केवारीवर भागवतात. तिसरं, आतल्या जुनेपणाचे फोटो आणि आसपासच्या तशाच घरांच्या विक्री जोडा, जमलं तर एखाद्या अप्रेझरचा रिपोर्ट. आधी अपील असेसरकडे, तिथली मुदत नोटिशीपासून महिनाभराचीच आणि २०२५ च्या नोटिशीसाठी ती गेली, पण काउंटीत अपील दरवर्षी टाउनशिपवार (काउंटीतल्या विभागांप्रमाणे) उघडतं तेव्हा तुमच्या टाउनशिपची तारीख बघत राहा. तिथे नाही जमलं तर बोर्ड ऑफ रिव्ह्यू, तिथेही नाही तर राज्याचं अपील बोर्ड.

आणि एक, किंमत वाढली म्हणून बिल तेवढंच वाढेल असं नाही. घराच्या बाजारभावाच्या १० टक्के असेस्ड व्हॅल्यू, तिला राज्याच्या इक्वलायझरने गुणायचं, तो अलीकडे तीनच्या आसपास असतो, मग राहत्या घराची १०,००० ची सूट वजा, आणि मग दर. म्हणजे ४ लाखांच्या घराचे ४०,०००, त्याचे १,२०,०००, सूट जाऊन १,१०,०००. पण शाळा आणि गावाला किती पैसे गोळा करायचेत ते आधीच ठरलेलं असतं, सगळ्यांची किंमत सारखीच वाढली तर दर खाली येतो. तुमचं नुकसान होतं ते शेजाऱ्यांच्या तुलनेत तुमचं जास्त वाढलं असेल तेव्हा. म्हणून अपिलात 'किंमत फार वाढली' हे लिहू नका, 'सारख्या घरांपेक्षा माझी जास्त धरली' हे लिहा.

प्रश्न : झिलोकडे तर जगातलं भारी मॉडेल होतं म्हणतात, मग त्यांनी घरं विकत घेऊन एवढा तोटा कसा खाल्ला? डेटा सायंटिस्ट झोपले होते का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झोपले नव्हते. झिलो ही अमेरिकन कंपनी २००६ पासून घरांचे अंदाज दाखवते. २०१७ मध्ये त्यांनी तो सुधारायला १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं, २०१९ च्या जानेवारीत अमेरिका, कॅनडा आणि मोरोक्कोतल्या तिघांच्या टीमने ते जिंकलं. मधल्या काळात, २०१८ पासून, कंपनीने स्वतःच घरं विकत घेऊन, डागडुजी करून विकायचा धंदा सुरू केला, आणि २०२१ च्या २ नोव्हेंबरला जाहीर केलं की बंद करतोय. त्याआधीच्या एका तिमाहीत हातातल्या घरांची किंमत ३० कोटी डॉलरहून जास्त खाली दाखवावी लागली, आणि साधारण चौथा हिस्सा नोकऱ्या कमी करायचं ठरलं.

याची कारणं बरीच सांगतात, सहा महिन्यांनी भाव काय असतील ते धरायचं होतं, कामगार मिळत नव्हते वगैरे, पण मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते वेगळंच. समजा मॉडेल सरासरीत अगदी बरोबर आहे, निम्म्या घरांना थोडं जास्त बोलतं, निम्म्यांना थोडं कमी. आता तुम्ही हजार मालकांना ऑफर दिली तर हो कोण म्हणणार? ज्याच्या घराला जास्त लावले तो. ज्याला कमी लावले तो दुसरीकडे विकणार. म्हणजे तुमच्या हातात येतात ती नेमकी चुकून महाग धरलेलीच घरं. आपलं घर बरोबर कसं आहे, वर पाणी गळतं का, शेजारी भांडकुदळ आहे का, हे मालकाला माहीत, मॉडेलला नाही. टेस्ट डेटावर (मॉडेलला न दाखवता तपासायला ठेवलेल्या व्यवहारांवर) तुमची चूक कितीही लहान असू दे, समोरचा माणूस निवडतोय म्हटल्यावर ती चूक तुमच्याच विरुद्ध गोळा होते. आपल्याकडेही एजंट जेव्हा 'लगेच टोकन देतो' म्हणतो तेव्हा हेच उलटं वाचायचं असतं, आपण कमी तर सांगितले नाहीत ना.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला इंजिनिअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. कॅगल या डेटा सायन्स स्पर्धांच्या साइटवरच्या घरांच्या किमतीच्या स्पर्धेत एक्सजीबूस्ट, लासो (रिग्रेशनचाच एक प्रकार) आणि रँडम फॉरेस्ट स्टॅक करून छान रँक आला. आता तेच मॉडेल नाशिकच्या फ्लॅट्सवर लावून प्रोजेक्ट करायचा विचार आहे, चालेल ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : पद्धत चालेल, मॉडेल अजिबात नाही. तो डेटा आयोवा राज्यातल्या एम्स या कॉलेजच्या गावाचा आहे, डीन डी कॉक या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी जमवून २०११ मध्ये मांडला, २००६ ते २०१० मधल्या २,९३० विक्री. त्यात तळघर किती फूट, गॅरेजमध्ये गाड्या किती, फायरप्लेस किती. गंगापूर रोडच्या फ्लॅटला फायरप्लेस शोधत बसशील का? तुझ्या गावात महत्त्वाचं काय, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालंय का, पाणी कुठलं, लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का, वेस्ट ओपन की रोड फेसिंग, ते रकाने तुलाच तयार करावे लागतील, आणि प्रोजेक्टची खरी मजुरी तीच आहे रे बाबा, स्टॅकिंगच्या चार ओळी नाहीत.

दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो तेवढं सांगते. एक, ट्रेन (शिकवायचा डेटा) आणि टेस्ट वेगळे करताना पत्ते पिसल्यासारखे पिसू नकोस, तारखेने काप. आधीच्या व्यवहारांवर शिकव, नंतरच्यांवर तपास, नाहीतर मॉडेल २०२४ चे भाव बघून २०२३ चे ओळखणार आणि तू खूश होणार. एकाच बिल्डिंगचे फ्लॅट दोन्हीकडे गेले तरी तसंच, वेगळ्या बिल्डिंगवर तपासलंस की मग खरी चूक कळेल. आणि 'त्या एरियाची सरासरी किंमत' असा रकाना घालणार असशील तर ती सरासरी फक्त ट्रेनमधूनच काढ. दोन, रँडम फॉरेस्ट त्याने पाहिलेल्या सगळ्यात महागड्या फ्लॅटच्या वरचा आकडा कधीच सांगू शकत नाही, कारण ते जुन्या किमतींची सरासरीच देतं, त्यामुळे भाव चढत असताना किंवा गावातला पहिलाच उंच टॉवर आला की ते खाली राहणार. म्हणून शेजारी एक साधं लिनिअर मॉडेल ठेव, ते चुकतं पण वेगळ्या कारणाने चुकतं, एन्सेम्बलमध्ये तेच तर हवं असतं. आणि किमतीचा लॉग घे, नाहीतर दोन कोटीचे चार बंगले सगळं मॉडेल आपल्याकडे ओढून नेतील.

प्रश्न : ठाण्यात १९७८ ची सोसायटी, रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे. साइटवर माझ्या घराची किंमत फार कमी दाखवते, बिल्डिंग जुनी म्हणून. विकू का?
— एक वाचक

उत्तर : मॉडेलला शिकवलंय की वय वाढलं की किंमत उतरते, आणि बहुतेक बिल्डिंगच्या बाबतीत ते बरोबरच आहे. तुमच्याकडे किंमत भिंतींची नाही, जमिनीची आणि त्यावर मिळणाऱ्या एफएसआयची (किती बांधकाम करता येईल त्याची) आहे, आणि बिल्डर एखाद्या सोसायटीला किती जादा कार्पेट, किती कॉर्पस, किती भाडं कबूल करतो हे कुठल्याच रकान्यात नसतं. इथे मशीनला विचारूच नका. प्लॉटचं क्षेत्रफळ, समोरचा रस्ता किती मीटर, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर) झालंय का, एवढं घेऊन सोसायटीच्या आर्किटेक्टकडून फिजिबिलिटी रिपोर्ट करून घ्या, मग बोलू. तोवर नुसती चर्चाच असेल, डीए (बिल्डरशी विकास करार) सही झालेलं नसेल, तर चर्चेचे पैसे मोजणारा गिऱ्हाईक पण मिळणार नाही हे लक्षात ठेवा.

प्रश्न : काही साइट्स एकच आकडा न देता '७८ ते ९६ लाख' असं देतात. हा अंग काढून घ्यायचा प्रकार नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उलट तेवढाच भाग मी आधी वाचते. फक्त विचारा की पट्टा काढला कसा. पाचशे झाडांचे अंदाज किती पसरलेत तेवढंच बघून काढला असेल तर तो फसवा, झाडं एकमेकांशी किती सहमत आहेत एवढंच त्यातून कळतं, तुमचं घर कितीला जाईल ते नाही. मॉडेलला न दाखवलेल्या जुन्या विक्री घेऊन, दहातल्या आठ किंवा नऊ त्या पट्ट्यात बसल्या का, असं तपासून काढला असेल तर कामाचा. आणि पट्टा रुंद आला तर तुमच्या भागात व्यवहार कमी झालेत किंवा तुमचं घर चारचौघांसारखं नाही, मग व्हॅल्युअरची फी द्या, तिथे वाचवू नका.